थोरलीचं ‘पाहिलं’

कचेरीतली घंटा वाजली की थोरलीच्या पोटात दुखायचं. बोलण्यापुरतं नव्हे, खरोखर दुखायचं, डाव्या बरगडीखाली. डॉक्टरांनी एकदा पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या. बिचाऱ्या डॉक्टरांना घंटेचं काय माहीत.

घंटा पितळेची, चांगली कलिंगडाएवढी. मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजावरची ती घंटा साहेबांनी हौसेने आणून दाराजवळ टांगली होती आणि नियम केला होता की नवीन फीचर तयार होऊन ग्राहकांच्या हातात पडलं की ते बनवणाऱ्याने दोरी ओढायची, बाकीच्यांनी जागेवरून उठून टाळ्या वाजवायच्या. तेव्हापासून पाठीमागे सगळे त्यांना टणटण साहेब म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण पगारवाढ त्यांच्या हातात होती.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटने फोनवरून डॉक्टरांची वेळ घ्यायची, आदल्या दिवशी त्याला आठवणीचा मेसेज जायचा, असा सगळा कारभार. थोरली तिथे अगदी पहिल्यापासून होती आणि जुना कोड सांभाळणं हे तिचं काम होतं. निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या घाईत लिहून ठेवलेला तो पसारा. त्यातलं कुजलेलं काढायचं, सैल झालेलं आवळायचं, आणि एक दुरुस्त करताना दुसरं कोसळणार नाही हे बघायचं. हे काम नीट झालं की काहीच होत नाही. दवाखाने चालू राहतात, मेसेज वेळेवर जातात, कुणाला काही कळतही नाही. आता काहीच न झाल्याबद्दल घंटा कशी वाजवणार? एवढ्या वर्षांत त्या दोरीला थोरलीचा हात लागला नव्हता. टाळ्या मात्र तिने इतक्या वाजवल्या होत्या की तळहात राठ व्हायचे बाकी होते.

घरी तरी कौतुक व्हावं, तर तेही नाही. सासूबाईंना एवढंच कळलं होतं की धाकटी सून नवीन बनवते आणि थोरली जुनं दुरुस्त करते. आणि सारखं दुरुस्त करावं लागतंय म्हणजे आधी हिनेच काहीतरी बिघडवून ठेवलं असणार.

धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, संध्याकाळचं जेवण मात्र सगळ्यांचं खाली, सासूबाईंच्या समोर. आणि गंमत म्हणजे तिला कंपनीत आणली थोरलीनेच. मुलगी हुशार आहे, घरात बसून कंटाळते, म्हणून थोरलीने साहेबांकडे शब्द टाकला होता. पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर दुसऱ्याची मदत कशाला हवी!

धाकटी खरंच हुशार होती, हे थोरलीला सगळ्यात जास्त खुपायचं. ढ असती तर किती बरं झालं असतं. मग तिच्यावर माया करता आली असती. पण ती सकाळी काम हातात घ्यायची आणि आठवड्याच्या शेवटी दोरी ओढून मोकळी व्हायची. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर कुणी किती नवीन फीचर दिली ते झळकायचं. तिथे धाकटीचं नाव सगळ्यात वर ठाण मांडून बसलेलं. थोरलीचं नाव त्या स्क्रीनवर नव्हतंच. धाकटीचं काम भराभर कशामुळे व्हायचं? तर तिच्या पायाखालची जमीन थोरलीने आधीच साफ करून ठेवलेली असायची. पण जमिनीकडे कोण बघतंय?

पूर्वी गुरुवारची दुपार डागडुजीसाठी राखून ठेवलेली असायची. त्या दुपारी कुणी नवीन काही करायचं नाही, प्रत्येकाने आपापला जुना केर काढायचा. साहेबांनी ती प्रथा बंद केली. थोरली भांडायला गेली तेव्हा ते म्हणाले, “अहो, ग्राहक नवीन खिडकीचे पैसे देतो, जुन्या भिंतीचे नाही. सगळ्यांचा वेग कमी होतो त्या गुरुवारमुळे.” थोरली त्यानंतरही दर थोड्या दिवसांनी त्यांच्या खोलीत जाऊन गुरुवार मागायची आणि हात हलवत परत यायची.

एक गोष्ट तेवढी तिची होती. कुणीही लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय बाहेर जायचा नाही. वाचणाऱ्याने शेवटी खाली एक शब्द लिहायचा, ‘पाहिलं’. बाकीचे हा शब्द उडत उडत लिहायचे. थोरली लिहायची ती ओळ न् ओळ वाचून, कधी अर्धा दिवस घेऊन, चार शंका काढून. तिने ‘पाहिलं’ म्हटलं की माणूस निर्धास्त घरी जायचा. चहाच्या यंत्राजवळ लोक एकमेकांना सांगायचे, “थोरल्या बाईंनी पाहिलंय ना? मग झालं.” हे वाक्य एकदा तिच्या कानावर पडलं होतं आणि ते तिने मनात जपून ठेवलं होतं. घंटा नसेना का, हा शब्द तरी आहे.

त्या सकाळी धाकटी खुर्ची सरकवत तिच्या टेबलाशी आली. हातात चहाचा कप.

“ताई, माझं एवढं पाहून देता का? वेळ बदलण्याचं फीचर. पेशंटला आता दवाखान्यात फोन करावा लागणार नाही, स्वतःच वेळ पुढेमागे करता येईल. साहेब म्हणाले दुपारी घंटा वाजवू.”

“दुपारी? आज?” थोरली म्हणाली. “म्हणजे वाचायच्या आधीच मुहूर्त ठरला तर.”

“तुम्ही आहात म्हणूनच ठरला,” धाकटी हसून म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

हसताना तिच्या गालाला खळी पडायची. तीसुद्धा थोरलीला सहन व्हायची नाही.

थोरलीने कोड उघडला. पहिलंच पान वाचताना तिची नजर थबकली. तिथे जुळ्यांची राखण होती, ती धाकटीने पुसून टाकली होती.

जुळ्यांची राखण हे थोरलीचं जुनं लेकरू. फार पूर्वी एका दवाखान्यात दोन जुळी भावंडं यायची. आडनाव एक, जन्मतारीख एक, फोन आईचा म्हणून तोही एक. सॉफ्टवेअरला वाटलं हा एकच मुलगा आहे. एकाला लशीचे दोन मेसेज गेले, दुसऱ्याला एकही नाही. तेव्हा थोरलीने अशा मुलांची गल्लत होऊ नये म्हणून तिथे एक पहारा बसवला. दिसायला तो ओबडधोबड होता. नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा, हे काय ठिगळ आहे? थोरली प्रत्येकाला गोष्ट सांगायची. घरी जेवताना तर इतक्या वेळा सांगितली होती की तिचा नवरा जुळ्यांचं नाव निघालं की ताक प्यायला उठायचा.

आणि ही बया ते पुसून मोकळी झाली होती.

खरं तर थोरलीने तिला हाक मारायला हवी होती. हाक ओठांपर्यंत आलीही होती. पण समोर काचेपलीकडे धाकटी कुणाशी तरी हसत बोलत होती, आणि साहेब घंटेवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसत होते. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे बाहेर. चार दिवसांत कुठलीतरी जुळी घोटाळ्यात सापडतील, फोन खणखणतील, स्क्रीनवरचं नाव खाली येईल. मग सगळे धावत माझ्याकडेच येतील. एकदा कळू दे यांना की मी इथे काय करते. पुढची पानं तिने उघडलीच नाहीत. सरळ खाली गेली, ‘पाहिलं’ लिहिलं आणि खिडकी बंद केली.

दुपारी घंटा वाजली. थोरलीने टाळ्या वाजवल्या, नेहमीपेक्षा जोरात. आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवशी बरगडीखाली दुखलं नाही.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी धाकटीच्या ताटात आपल्या हाताने वाढलं. “काय गं, आज पुन्हा वाजवलीस म्हणे?” दिराने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिने चंद्रच खाली आणलाय. थोरली म्हणाली, “वाजवणार नाही तर काय, हातच दोरीचा झालाय तिचा.” सगळे हसले. धाकटीही हसली, पण ताटातून मान वर न करता. थोरलीच्या ते लक्षात आलं नाही. ती मनात जुळी मोजत होती.

मग सुरू झालं वाट बघणं. थोरली रोज सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरीत जाऊन तक्रारी उघडायची. एखादी नवरी वरातीची वाट बघणार नाही अशी ती जुळ्यांची वाट बघत होती. तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शहरातली सगळी जुळी एकाएकी ठणठणीत झाली होती की काय कोण जाणे. तिचं कामात लक्ष लागेना, भूक मेली. माणसं आजारी पडावीत आणि त्यांचा घोटाळा व्हावा अशी इच्छा आपण करतोय हे तिला दिसत होतं. लाजही वाटत होती. पण लाज वाटली म्हणून जळणं थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळी चहा घेताना सासूबाई फोन डोळ्यांजवळ धरून कुरकुरल्या, “काय गं हे तुमचं यंत्र. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे महिनाभर जागाच नाही म्हणतंय.”

“महिनाभर?” थोरलीने कप खाली ठेवला. “ते तर दवाखान्यात माश्या मारत बसलेले असतात.”

“तेच तर. मी परवा वेळ बदलून घेतली, ती नको झाली म्हणून पुन्हा बदलायला गेले, तर आता सगळंच भरलेलं.”

थोरली चप्पल कशीबशी पायात अडकवून निघाली. कचेरीत पोचेपर्यंत फोन सुरू झालेच होते. एक दातांचे डॉक्टर सकाळपासून रिकाम्या दवाखान्यात बसून होते आणि त्यांच्याच गल्लीतला, गाल सुजलेला माणूस फोनवर ‘जागा नाही’ वाचून घरी कण्हत होता. कुणाच्या जखमेचे टाके काढायचे राहिले होते. दवाखाने रिकामे आणि सॉफ्टवेअर म्हणतंय सगळं भरलंय. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती आपलाच कोड वरखाली करत होती, पण घाबरलेल्या माणसाला आपलंच लिहिलेलं दिसत नाही.

थोरलीने कोड उघडला. आधी ती जुळ्यांकडेच गेली, सवयीने म्हणा किंवा आशेने म्हणा. आणि तिचा हात तसाच राहिला. राखण गेली नव्हती. धाकटीने ती पहिल्या पानावरून काढून पुढे योग्य जागी नेली होती. ठिगळ काढून तीच गोष्ट तिने चांगली, नेटकी, स्वच्छ लिहिली होती. थोरलीने इतकी वर्षं जे करायचं म्हणून ठरवलं होतं आणि वेळ मिळाला नव्हता, ते तिने करून टाकलं होतं. जेवताना सांगितलेली गोष्ट घरात एकाच माणसाने ऐकली होती, आणि ते माणूस म्हणजे धाकटी.

त्याच्या पुढचं पान थोरलीने कधी उघडलंच नव्हतं. चूक तिथे होती. पेशंटने वेळ बदलली की नवीन वेळ अडवली जायची, पण जुनी मोकळी व्हायची नाही. जितके लोक वेळ बदलणार तितक्या जागा फुकट अडकणार. चूक साधी होती, धाकटीच्या घाईतून राहिलेली. थोरलीने ते पान एकदा नुसतं वाचलं असतं तरी तिला दिसली असती. आता वाचलं तेव्हा दिसलीच की लगेच. चहा पिऊन व्हायच्या आत तिने दुरुस्ती केली, अडकलेल्या जागा सोडवल्या, आणि दुपारपर्यंत दवाखाने मार्गी लागले.

साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “तुम्ही नसतात तर आज आपलं दिवाळं निघालं असतं,” ते म्हणाले. “मी ठरवलंय. उद्या सकाळी घंटा तुमच्यासाठी. दुरुस्तीसाठी पहिल्यांदाच. दोरी तुम्ही ओढायची.”

इतकी वर्षं जे हवं होतं ते असं समोर येऊन उभं राहिलं. आणि बरगडीखाली अशी कळ आली की थोरलीने टेबलाची कड धरली.

संध्याकाळी सासूबाईंनी वाढताना पहिल्यांदा तिचं ताट घेतलं. धाकटी वर जायला निघाली तशी थोरली तिच्या मागोमाग जिन्यात गेली.

“थांब जरा,” ती म्हणाली. “तुझा कोड मी वाचला नव्हता. पहिलं पान बघितलं, तू जुळ्यांचं काढून टाकलंस असं वाटलं, आणि मुद्दाम जाऊ दिलं. तुझी फजिती व्हावी म्हणून.”

धाकटी कठड्याला टेकली.

“मला माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “मुद्दाम केलंत ते नव्हतं माहीत. पण वाचला नाहीत हे माहीत होतं. तुमचं ‘पाहिलं’ माझा चहा निवायच्या आत आलं. तुम्ही साधा बदल वाचायला अर्धा दिवस घेता.”

“मग बोलली का नाहीस?”

“घंटा हवी होती.” तिचा आवाज बारीक झाला. “तुम्हाला वाटतं मला ती आवडते. मला तिची भीती वाटते. एक आठवडा नाही वाजली तर सगळे विचारतात, काय झालं, तब्येत बरी नाही का. तुम्हाला कुणी काही विचारत नाही. तुम्ही बसून वाचता, नीट वाचता, आणि लोक म्हणतात थोरल्या बाईंनी पाहिलंय. मला किती हेवा वाटतो त्याचा. माझं नाव एवढं स्क्रीनवर असतं, पण त्याच्या भरवशावर कुणी निर्धास्त झोपत नाही.”

आपल्याजवळचं काही कुणाला हवंसं वाटत असेल हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि नेमकं तेच ती घालवून बसली होती.

“उद्या काही बोलू नका,” धाकटी म्हणाली. “ओढा दोरी. तुमचा हक्क आहे. झालं गेलं कुणाला कळायचं आहे?”

सकाळी सगळे जमले. साहेबांनी लहानसं भाषण केलं आणि दोरी थोरलीच्या हातात दिली. सुती, जाडसर, हातांनी मळलेली दोरी. धाकटी समोरच उभी होती, टाळ्या वाजवायला हात वर करून. थोरलीने दोरी सोडून दिली.

“हे माझ्यामुळेच झालं,” ती म्हणाली. “त्या कोडखाली मी ‘पाहिलं’ लिहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं.”

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. चहाच्या यंत्राजवळच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि थोरलीला समजलं की ते वाक्य आता तिथे कुणी म्हणणार नाही. ते पुन्हा कमवावं लागेल, आणि कमवायला बरीच वर्षं जातील.

तेवढ्यात धाकटी पुढे आली. “ताईंनी वाचलं नाही हे मला ठाऊक होतं, साहेब. तरी मी ते बाहेर जाऊ दिलं, कारण घंटा वाजवायची होती. आणि माझं म्हणणं आहे, आपण सगळेच असं करतो. गुरुवारची दुपार परत सुरू करा. नवीन थोडं उशिरा झालं तरी चालेल, पण वाचायला वेळ हवा.”

साहेब गहिवरले. “याला म्हणतात प्रामाणिकपणा,” ते म्हणाले. “एवढ्या लहान वयात स्वतःची चूक चारचौघांत सांगायची म्हणजे साधी गोष्ट नाही. ठरलं. या आठवड्यापासून गुरुवार सुरू.” आणि त्यांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या. धाकटीसाठी.

थोरली दोरीशेजारी उभीच होती. कबुली आपण आधी दिली. गुरुवार आपण किती वर्षं मागितला. हिने एकदा मागितला आणि मिळाला. डावीकडे बरगडीखाली जुनी ओळखीची कळ आली, आणि थोरलीला एकदम हसू फुटलं. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, तिला आधी कळेना, मग कळलं, आणि ती ओशाळली. रात्री सासूबाई म्हणाल्या, “धाकटीने सगळ्यांसमोर कबूल केलं म्हणे. केवढं धाडस गं.” थोरलीच्या नवऱ्याने ताकाचा पेला उचलला.

गुरुवारी दुपारी कचेरी गप्प होती. धाकटीचा नवा कोड थोरलीसमोर उघडा होता. जळत होतं, नाही असं नाही. पहिल्या पानावर जळत होतं, दुसऱ्या पानावरही जळत होतं, कारण लिहिलं सुरेख होतं. तसंच जळत जळत ती एकेक ओळ वाचत होती. काचेपलीकडून धाकटी दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा ती चहाचा कप घेऊन जवळ आली.

“वेळ लागेल का, ताई?”

“लागेल,” थोरली म्हणाली. “तुझा चहा निवू दे.”